कानात सांगायचं नाव

चार वाजायच्या आतच बाहेर काळोख पडला आणि सुंदराबाईंनी खिडकीकडे बघून लंडनच्या सूर्याची पुन्हा एकदा अब्रू काढली.

"उशिरा यायचं, लवकर पळायचं, नि मधल्या वेळात ढगामागं लपून बसायचं. आमच्या सापगावचा कोतवाल असाच होता."

"हिवाळ्यात असंच असतं इथं, विहीणबाय," जनाबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात रात्रीचं जेवायला बसलो तरी लख्ख उजेड. मी बघितलंय ना."

हे 'मी बघितलंय' महिनाभर सुंदराबाईंच्या दाताखाली भातातल्या खड्यासारखं येत होतं. सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरच्या हातचं, तो मान मुरबाडच्या विहिणीचा, हे त्यांना मान्य होतं. म्हणून जनाबाई जुलैतच आल्या. सुंदराबाई मात्र कापणी, झोडणी उरकून, भात घरात आल्यावरच विमानात बसल्या. तोवर सिद्धगडाच्या पायथ्याची ही बाई या घरातली मालकीण होऊन बसली होती. कुठलं बटण दाबलं की पाणी तापतं, कुठल्या दिवशी कुठला कचरा बाहेर ठेवायचा, नातीला कुठल्या कुशीवर झोप लागते, सगळं तिला पाठ. सुंदराबाईंना एवढ्या मोठ्या घराचा, पंधरा माणसांच्या पंगतीचा कारभार हाकायची सवय. इथं त्यांना चहा करायचा तर आधी विहिणीला विचारावं लागे.

आज मात्र वारं फिरलं होतं. जमिनीवर जुनी चादर अंथरून दोघी वाल सोलायला बसल्या होत्या, आणि वाल सापगावचे होते. भाताच्या मागून त्याच खाचरात पेरलेले कडवे वाल. सुंदराबाईंनी ते बॅगेत तळाला, लुगड्यांच्या घडीत घालून आणले होते. दोन दिवस भिजवून, फडक्यात बांधून, भिंतीवरच्या, घर गरम ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीशेजारी ठेवून त्यांनी मोड आणले होते. चिमटीत धरून दाबलं की दाणा सालीतून सटकन सुटत होता.

"मोड चांगले आलेत," जनाबाई म्हणाल्या.

"वाल कुणाचे हायत!"

"आमच्याकडचे पण असेच असतात. मुरबाडचा वाल..."

"मुरबाडचा वाल शिजायला लागतो तोवर आमच्याकडं जेवून भांडी पालथी होतात."

जनाबाई हसल्या. त्या कशावरही हसत, हा त्यांचा दुसरा दोष. त्यांच्या मागं, सोफ्यावर, मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेतून आणलेल्या काळ्या घोंगडीवर पाच महिन्यांची नात झोपली होती. कोपऱ्यात हातभर उंचीचं हिरवं झाड होतं, त्यावर दिवे लुकलुकत होते. सुनेनं, आरतीनं, ते कालच खोक्यातून काढून जोडलं होतं. आल्या दिवशी नाताळ म्हणजे काय ते तिनं सासूला समजावून सांगितलं होतं, आणि सासूनं सगळं ऐकून एवढंच म्हटलं होतं, "देव गोठ्यात जन्मला ना? मग चांगल्या घरचा असणार." पण झाडाबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. जंगलाच्या तोंडावर वाढलेला आपला ओमकार प्लॅस्टिकचं झाड विकत आणतो, हे सापगावात कुणाला सांगायची सोय नव्हती.

"तुमची चिमी आज जास्त झोपली," जनाबाई म्हणाल्या.

चिमी हे सुंदराबाईंनीच पाडलेलं, वरवरचं, हाका मारण्यापुरतं. खरं नाव अजून ठेवायचं होतं. बारसं सापगावात, वैशाखात, अंगणात मांडव घालून होईल, हे त्यांनी पोर जन्मली त्या दिवशीच फोनवर जाहीर केलं होतं. आत्या म्हणून कुणाली, त्यांची लेक, खर्डीहून येणार. तिचं लुगडं घेऊन ठेवलेलं. नाव कुठलं, ते मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

"काय ठरवलंत नाव?" जनाबाईंनी सालीचा ढीग बाजूला सारत विचारलं. आवाज जरा जास्तच सहज होता.

"नाव आधी बोलू नये. आधी बाळाच्या कानात, मग जगाच्या."

"ते झालंच. तरी पण... आता इथं पोरांचे नियम येगळे असतात, विहीणबाय. कागद बिगद..."

"कागदावर काय, माझ्या जमिनीच्या उताऱ्यावर माझं नाव पण चुकीचं लिहिलंय. म्हणून मी सुंदरा नाय राहिली?"

जनाबाई खाली मान घालून सोलत राहिल्या. हसल्याही नाहीत.

सुंदराबाईंच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्या आपल्याच विचारात शिरल्या होत्या. त्यांची दोन बाळंतपणं झाली. ओमकारचं नाव थोरल्या नणंदेनं ठेवलं, कुणालीचं धाकटीनं. पाळण्याभोवती बायका, गाणी, आणि बाळंतीण भिंतीला टेकून. तिला कोण विचारतो? आणि त्या स्वतः कधी आत्या झाल्याच नाहीत. आईला त्या एकुलत्या, पाठीवर भाऊ नाही. गावच्या बारशांना त्या जात त्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायला. आत्या वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते, आणि भोवतीच्या बायका तिच्या पाठीत दणादण घालतात. त्याशिवाय नाव पक्कं होत नाही. सुंदराबाईंचा हात असा, की सापगावात त्यांच्या हातचं खाल्लेली आत्या रात्री पाठ शेकत बसायची. मात्र त्यांच्या पाठीवर कधी कुणाचा हात पडला नव्हता.

या खेपेला नाव त्यांचं होतं. कुणालीच्या कानात त्या सांगणार, आणि कुणाली पोरीच्या कानात. सावळी. खर्डीच्या पलीकडच्या एका आडगावात राहून, लेकीला सापगावात देऊन, एकटीच म्हातारी होऊन गेलेली त्यांची आई. तिचं नाव चालवायला कुणी नव्हतं.

दार वाजलं. ओमकार कामावरून आला, दोन्ही हातांत पिशव्या, नाक लाल.

"आये, उद्या दुपारी खाली डोरीन आंटीकडं जेवायला जायचंय. नाताळचं."

"माझा मार्गशीर्ष चालू हाय. परवा शेवटचा गुरुवार. त्या टेबलावर काय काय असणार ते मला म्हाईत हाय."

"तिला पण म्हाईत हाय. तुझ्यासाठी येगळं केलंय. आणि उद्या बस नाय, ट्रेन नाय, दुकान नाय. सगळं शहर बंद. तिची मुलगी पण येऊ शकत नाय लांबून. एकटी हाय ती."

सुंदराबाई खालच्या म्हातारीला दुरपाबाय म्हणत. डोरीन त्यांच्या जिभेवर बसेना, आणि म्हातारीची त्याला हरकत नव्हती. लहानपणी बोटीतून जमैकाहून आलेली, काळीसावळी, उंच, पांढऱ्या केसांची. पोर दिवस भरायच्या आधीच आली तेव्हा जनाबाई अजून मुरबाडलाच होत्या, ओमकार कामावर होता. दुरपाबायनं टॅक्सी बोलावली, आरतीबरोबर दवाखान्यात गेली, हात धरून बसली. ही गोष्ट सुंदराबाई विसरल्या नव्हत्या.

"एकटी हाय तर जायलाच पायजे," त्या म्हणाल्या. "पण रिकाम्या हातानं मी कुणाच्या दारात जात नाय. हे वालाचं बिरडं जाईल."

"जाईल ना," म्हणत ओमकार आत वळला, आणि जाताना त्यानं जनाबाईंकडे पाहिलं. थोड्या वेळानं दोघांची आत कुजबुज ऐकू आली. जावई आणि सासू यांचं एवढं गुळपीठ! सुंदराबाईंनी चार दाणे जरा जोरातच सोलले. एक दाणा उडून त्या प्लॅस्टिकच्या झाडाखाली गेला.

दुसऱ्या दिवशी रस्ता असा शांत होता, की गावात कुणीतरी मोठं माणूस गेलं असावं. गाडी नाही, माणूस नाही. जिना उतरताना सुंदराबाईंनी पुढं बिरड्याचं पातेलं धरलं होतं, नऊवारीवर ओमकारचं जाड जाकीट, डोक्यावर पदर आणि पदरावर लोकरीची टोपी. मागून आरती पोर घेऊन, त्यामागं जनाबाई घोंगडी घेऊन.

दुरपाबायनं दार उघडलं ती लाल झगा घालून. आधी पोरीचा मुका, मग आरतीचा, मग सुंदराबाईंना पातेल्यासकट मिठी.

"आगं, सांडंल!" सुंदराबाई ओरडल्या.

"यस, यस," म्हातारी म्हणाली, आणि पातेल्यात डोकावून, वास घेऊन डोळे मिटून उभी राहिली. त्या डोळे मिटण्यानं सुंदराबाईंचं निम्मं मन तिथंच नरमलं.

आत टेबल मांडलेलं. मधोमध भाजलेला पक्षी होता, पण तो दुसऱ्या टोकाला सरकवून वर झाकण घातलेलं, आणि सुंदराबाईंच्या खुर्चीसमोर नवंकोरं ताट. दुरपाबायनं लालभडक सरबताचा पेला पुढं केला.

"दारू नाय ना गो?" सुंदराबाईंनी सुनेला विचारलं.

"तुमचं वेगळं काढलंय, आई. फुलांचं आहे. आलं घातलंय."

त्यांनी एक घोट घेतला. तो जिभेवर फिरवला. मग दुसरा घेतला.

"अंबाडी हाय ही! अंबाडीची लाल बोंडं!" त्यांनी पेला जनाबाईंपुढं धरला. "बघा, बघा. लंडनात अंबाडी!"

"खरंच की गो," जनाबाई म्हणाल्या. "भाजी नाय करत, सरबत करतात!"

मग भात आला. नारळाच्या दुधात शिजवलेला, आणि त्यात तुरीचे दाणे. सुंदराबाईंनी दाणा बोटांत धरून नीट पाहिला. तूर. बांधावर लावतो तीच. ओमकारनं विचारून सांगितलं, आंटीच्या बेटावर नाताळला हाच भात करतात, हेच सरबत करतात. तिची आई करायची.

"मग तसं सांग की," सुंदराबाई म्हणाल्या. "मला वाटलं नाताळ म्हंजे गोऱ्यांचा. हा तर आपल्या शिवारातला निघाला."

दुरपाबायनं बिरडं दोनदा वाढून घेतलं. रंगीत कागदाच्या गुंडाळ्या दोन बाजूंनी ओढून फटाक्यासारख्या फोडल्या, त्यातून कागदी मुकुट निघाले. जनाबाईंनी लगेच डोक्यावर चढवला. सुंदराबाईंनी पदराकडे बोट दाखवून नकार दिला, पण दुरपाबाय मुकुट हातात धरून उभीच राहिली, तेव्हा त्यांनी तो पदरावर ठेवून घेतला.

"सरपंचीण दिसताय," जनाबाई म्हणाल्या.

"तुमी तमाशातला राजा दिसताय."

आरती इतकी हसली की तिला ठसका लागला. ओमकारनं आईचा फोटो काढला. सुंदराबाईंना बऱ्याच दिवसांनी, परक्या घरात का होईना, आपण पंगतीत बसलो आहोत असं वाटलं.

जेवणं झाल्यावर दुरपाबाय आतून काहीतरी पाठीमागं लपवून घेऊन आली. हातभर लांबीचा लोकरी मोजा होता, स्वतः विणलेला, लाल, आणि त्यावर पांढऱ्या लोकरीत इंग्रजी अक्षरं. सुंदराबाईंना ती वाचता येत नव्हती. पण त्यांनी पाहिलं, की ओमकार खुर्चीतून अर्धवट उठला, आणि जनाबाईंचा हात मुकुटाकडे गेला.

म्हातारी पोरीपुढं वाकली. मोजा हलवला.

"एला," ती म्हणाली. "हॅपी फर्स्ट क्रिसमस, एला!"

आणि पोरीनं मान वळवली. महिनाभर चिमे, चिमे करून सुंदराबाईंचा घसा बसला, तेव्हा पोर त्यांच्या कानातल्या कुड्यांकडे बघायची. या हाकेला मात्र तिनं मान वळवली, पाय झाडले आणि बोळकं पसरून हसली.

 दुरपाबायला काय झालं ते कळलं नाही. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

सुंदराबाईंनी डोक्यावरचा मुकुट काढला, घडी केली आणि टेबलावर ठेवला.

"मी जरा वर जाऊन येते," त्या म्हणाल्या. "गॅस चालू राहिला वाटतं."

त्या घरात गॅस नव्हताच, शेगडी विजेची होती. पण ते कुणी सांगितलं नाही.

वरच्या घरात झाडावरचे दिवे लुकलुकत होते. सुंदराबाई सोफ्यावर बसल्या. त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी हातातल्या बांगड्या एकेक करून मागं सारल्या, पुढं आणल्या.

आधी जनाबाई आल्या, धापा टाकत, डोक्यावर मुकुट तसाच.

"ते काढा आधी," सुंदराबाई म्हणाल्या. "तुमाला म्हाईत होतं."

"होतं."

"काल वाल सोलताना म्हाईत होतं. माझ्या वालाला हात लावून बसला होतात!"

"जावयानं शप्पथ घातली होती, विहीणबाय. मी सांगत होते त्याला, आजच्या आज सांग, ही गोष्ट लपून राहायची नाय. तेच बोलत होतो काल आतमधी."

ओमकार दारात येऊन उभा राहिला होता. चाळिशीकडे झुकलेला माणूस, पण आता लहानपणी विहिरीवर पकडला गेला होता तसा दिसत होता. मागं आरती, कडेवर पोर.

"इथं दीड महिन्याच्या आत नाव नोंदवावं लागतं, आये," तो म्हणाला. "कायदा हाय. तू बोल्लीस बारसं वैशाखात. तुला नाव विचारलं तर बोल्लीस, आधी सांगणार नाय. मग आमी काय करायचं?"

"विचारायचं!"

"विचारलं ना. दोनदा विचारलं. तू बोल्लीस, जास्त शहाणपणा करतस."

हे खरं होतं. सुंदराबाईंनी ते बाजूला ठेवलं.

"आणि काय नाव हे? एला! त्याला काय अर्थ?"

"संस्कृतात वेलची, आई," आरती हळूच म्हणाली. "आणि इथल्या लोकांना पण बोलता येतं."

"वेलची!" सुंदराबाईंनी दोन्ही हात वर केले. "पोरीचं नाव वेलची! पुढं मुलगा झाला तर काय हिंग ठेवशाल?"

आरतीचा चेहरा रडवेला झाला. पण ओठाचं एक टोक हललंच. ते सुंदराबाईंनी पाहिलं आणि त्यांना आणखी राग आला.

"आणि आत्याचा मान? कुणालीला कळलं तर तिला काय वाटंल? तिचं लुगडं घेऊन ठेवलंय मी!"

ओमकारनं फोन काढला. खर्डीला रात्र झाली होती. कुणाली भाकरीचं पीठ लागलेल्या हातानंच पडद्यावर आली.

"काय दादा? हॅपी नाताळ! आये कुठाय?"

"कुणाले," सुंदराबाई फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "यांनी पोरीचं नाव ठेवून टाकलंय. तुला न विचारता."

पडद्यावर कुणालीनं आधी भावाकडे, मग आईकडे पाहिलं. मग कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले.

"आये, ते... नाव मीच सुचवलं गो. आत्या म्हणून दादानं मलाच विचारलं. पाच-सहा नावं होती, त्यातलं मी काढलं."

"तू?"

"बाबांनी पण हो बोल्लं."

"म्हंजे सगळ्या गावाला म्हाईत हाय. सापगाव, खर्डी, मुरबाड. मी एकटीच चिमे चिमे करत बसल्ये."

"तुला सांगायची हिंमत कुणाची हाय, आये?" कुणाली म्हणाली. ती आईचीच लेक होती. "तू आधी ओरडतस, मग ऐकतस. आणि मान गेला नाय कुणाचा. आत्यानंच ठेवलं ना नाव? मग आता चिडलीस कशाला ते तरी सांग."

 आत्याचा मान जागच्या जागी होता. कागदाचा त्यांना कधीच फरक पडत नव्हता. मग उरलं काय, ते पोरांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

"तुमी दोघं जरा आत जा," जनाबाई एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज असा कधी नसे. "कुणाली, बाय, तू पण भाकरी बघ. करपतेय."

ओमकार आणि आरती आत गेले. पोर जनाबाईंच्या मांडीवर आली. जनाबाईंनी मुकुट काढून तिच्या हातात दिला; ती तो चोखायला लागली.

"कुठलं ठरवलं होतंत?" त्यांनी विचारलं.

सुंदराबाईंची नजर झाडाखाली गेली. कालचा उडालेला वालाचा दाणा तिथं तसाच पडला होता.

"सावळी," त्या म्हणाल्या. "माझी आय."

जनाबाई हसल्या नाहीत. "माझ्या आरतीचं नाव माझ्या नणंदेनं ठेवलं," त्या म्हणाल्या. "मला चंद्रभागा ठेवायचं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं. मी ते कुणालाच सांगितलं नाय. आज तुमाला सांगत्ये."

"मग बोल्ला नाय कधी?"

"तुमी बोल्ला होतात?"

 पोर कागदाचा लाल रंग तोंडाला फासून घेत होती.

"पण विहीणबाय," जनाबाई म्हणाल्या, "पाळण्यात एकच नाव घालतात असं कुठाय? आमच्याकडं पाच घालतात. एक चालतं, बाकीची राहतात."

"आमच्याकडं पण घालतात," सुंदराबाई सवयीनं म्हणाल्या. मुरबाडात असेल आणि सापगावात नसेल, असं कसं होईल? मग त्या थांबल्या. कपाळाला आठी पडली. ही आठी सापगावात ओळखीची होती. ती पडली की काहीतरी कामाला लागत असे.

"ओमकार!" त्यांनी हाक मारली. "बाहेर ये रे. हे नाव पोरीच्या कानात कुणी सांगितलं? कुणाली तर खर्डीला होती."

ओमकार आणि आरतीनं एकमेकांकडे पाहिलं.

"नोंदवून घरी आलो, तेव्हा कुणालीताईंना फोन लावला होता," आरती म्हणाली. "त्यांनी फोनवरून कुर्रर्र केलं. पण फोन कानाला लावल्यावर ही घाबरून रडायला लागली. मग डोरीन आंटीनं तिला घेतलं, आणि ताईंनी सांगितलं ते हिच्या कानात आंटी बोलली."

"कुर्रर्र पण केलं?"

"केलं. तिला वाटलं, त्याचा काहीतरी अर्थ असेल."

"मम्मी नि मी बघितलंय," ओमकार सासूकडे बोट करून म्हणाला.

"आणि पाठीत कुणी घातले?"

"काय पाठीत?"

"धपाटे रे! आत्याच्या पाठीत धपाटे कुणी घातले?"

कुणीच घातले नव्हते. जनाबाईंनी जीभ चावली. एवढ्या म्हाताऱ्या परक्या बाईला मारायचं कसं, म्हणून त्यांचा हात उचलला नव्हता.

सुंदराबाई उठल्या. पदर खोचला.

"मग नाव पक्कं कुठं झालंय?" त्या म्हणाल्या. "एवढे शिकलेले तुमी, आणि काम अर्धवट ठेवून बसलात. चला खाली. कुणालीला परत फोन लाव. आणि जनाबाय, ती घोंगडी घ्या, पोरीला निजवायला लागंल."

महिनाभरात त्यांनी विहिणीला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. जनाबाई घोंगडी घेऊन निघाल्यासुद्धा.

दुरपाबाय टेबलाशी एकटीच बसली होती, लाल मोजा मांडीवर. या सगळ्यांना दारात बघून ती उभी राहिली आणि घाईघाईनं काहीतरी बोलली. ती माफी मागते आहे, असं ओमकारनं सांगितलं.

"माफी कसली? तिला सांग, वाक म्हणावं."

ओमकारनं सांगायला बराच वेळ घेतला. आमच्यात असं असतं, आंटी, लागणार नाही, असं काहीसं. म्हातारी आधी गोंधळली, मग तिचे डोळे चमकले. सोफ्यावर घोंगडी अंथरली, त्यावर पोर. फोनमध्ये कुणाली, तिच्यामागं तिची सासू आणि शेजारच्या दोन बायका. नाताळच्या दुपारी दुरपाबाय खाली वाकली आणि अगदी गंभीरपणे, जुलैत शिकली होती तसं, पोरीच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र... एला."

सुंदराबाईंनी हात उचलला. हात तोच होता, सापगावच्या आत्यांची पाठ सोलून काढणारा. पण वरून खाली येईपर्यंत तो हलका झाला, आणि त्या उंच म्हातारीच्या पाठीवर पडून क्षणभर तिथंच राहिला. मग जनाबाईंनी घातला, आरतीनं घातला, आणि खर्डीच्या बायका फोनमधून ओरडल्या, "अजून एक, अजून एक!" दुरपाबाय हसत हसत खोकायला लागली.

"झालं पक्कं," सुंदराबाई म्हणाल्या. "वेलची तर वेलची."

त्यांनी पातेल्यातलं उरलेलं बिरडं वाट्यांत घालून सगळ्यांच्या हातात दिलं, बारशाला घुगऱ्या वाटतात तसं, आणि दुरपाबायच्या वाटीत सगळ्यात जास्त. कुणालीचं लुगडं आता कुणाला जायचं, यावरून फोनमध्ये कुणालीनं वाद घालायला सुरुवात केली. ओमकार तिला समजावत होता. आरती भांडी गोळा करत होती. तेवढ्या गडबडीत सुंदराबाई सोफ्याशी टेकल्या, घोंगडीवर वाकल्या आणि पोरीच्या कानाशी तोंड नेलं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

"कुर्रर्र," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सावळी."

पोरीनं मान वळवली नाही. तिनं सुंदराबाईंची कुडी मुठीत धरली आणि ओढली.

त्याच वेळी त्यांच्या पाठीत धपाटा बसला. चांगला, दणदणीत, डोंगरातल्या बाईच्या हाताचा.  चौसष्ट वर्षांत त्या पाठीवर पहिल्यांदाच कुणाचा हात असा पडला होता. त्यांनी वळून पाहिलं नाही. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांना कुणाला दाखवायचं नव्हतं.

"हळू गो, मुरबाडवाले," पोरीच्या मुठीतून कुडी सोडवत त्या म्हणाल्या. "भात झोडतेस काय?"

आणि पाठ तशीच वाकवून राहिल्या, आणखी एक बसतो का बघत.